वादळात मेलेल्यांचे सुतक कोणी धरावे?

आमच्या खेड्यांत एखाद्या घरचे माणूस गेले म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. भाऊबंद आणि शेजारीपाजारी भाकरी-पिठले आणून पुढे ठेवतात, आणि घशाखाली उतरत नसले तरी चार घास खावयास लावतात. त्यालाच कडू घास म्हणतात. वीतभर बांधावरून ज्याच्याशी वर्षानुवर्षे कज्जा चालला आहे, तोही त्या दिवशी खांदा द्यावयास येतो. कुंभार मडके देतो, कोणी बांबू तोडून आणतो, आणि गल्लीत लग्न निघाले असले तरी त्या घरावरून वाजंत्री मुकाट्याने जाते. ह्या दुखवट्याला कोणाचा हुकूम लागत नाही व त्याचा कागदही निघत नाही. मेलेला माणूस आमचा होता, एवढे चारचौघांत कबूल करणे हाच त्यातला अर्थ.

सरकारचाही एक दुखवटा असतो, पण तो हुकमाने निघतो. कचेऱ्यांवरचे निशाण अर्ध्या काठीवर येते आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम बंद राहतात. हे निशाण कोणासाठी उतरावे ह्याची यादी 2002 सालच्या ध्वजसंहितेत दिलेली आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, लोकसभेचे अध्यक्ष, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री अशी ती उतरंड आहे. यादीबाहेरच्या बड्या माणसांसाठी सरकार वेगळा हुकूम काढते. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ वारल्या तेव्हा 11 सप्टेंबर 2022 रोजी देशभर एक दिवस दुखवटा पाळण्यात आला. रतन टाटा वारले तेव्हा 10 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला. मेलेल्या माणसाविषयी वाकडे बोलणे आमच्या रीतीत बसत नाही, आणि टाटांसारख्या माणसाविषयी तर नाहीच. आमचा प्रश्न निराळा आहे. वादळाने, विजेने, पुराने मेलेल्या कुणब्याचे, धनगराचे, सालगड्याचे सुतक सरकारने कधी धरावे की नाही? हा प्रश्न आम्ही परभणी जिल्ह्यातील वाचकांपुढे मुद्दाम मांडीत आहो, कारण ह्या जिल्ह्याला त्याचे उत्तर पाहिजे आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या काठची काळी जमीन कापसाला व सोयाबीनला जितकी चांगली तितकीच ती उघडी. कोसभर चालले तरी एखादी बाभूळ नाहीतर निंब, आणि त्याच्या आधाराने कोणाचा तरी आखाडा. ह्या मुलखावर वर्षातून दोनदा आभाळ उठते. एकदा चैत्र-वैशाखात, ऊन भाजून काढीत असता दुपार कलल्यावर ढग चढतात आणि वळवाचा पाऊस वारा-गारा घेऊन कोसळतो तेव्हा. दुसऱ्यांदा पावसाळा परतताना, हस्त-चित्रा नक्षत्रांत, नेमकी सोयाबीनची काढणी चालू असते तेव्हा. दोन्ही वेळा आमची माणसे रानात असतात. कचेरीतला माणूस वारा सुटला म्हणजे खिडकी लावून घेतो; आमची बाई वारा सुटला म्हणजे घराकडे नव्हे, तर सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकावयास शेताकडे धावते. वर्षाची कमाई त्या ढिगात असते. वीज तिला तेथेच गाठते.

2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात गारपिटीने उभा गहू आणि ज्वारी लोळविली, झाडांवरची पाखरे मारली. लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता त्याच दिवसांत लागली, आणि मदतीचा कागद व निवडणुकीचा कागद एकाच टेबलावर आले. 2025 सालच्या सप्टेंबरात मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, आणि गोदाकाठची शिवारे पाण्याखाली गेली. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या दिवाळीत काळी दिवाळी पाळा अशीही हाक निघाली. ह्या सगळ्या गलबल्यात कोटींचा आकडा पोरासोरांच्या तोंडी झाला. परंतु ह्या जिल्ह्यातली कोणकोण माणसे त्या पावसात गेली, ती कोणत्या गावची, त्यांच्या मागे कोण उरले, ही यादी भर सभेत कोणी वाचून दाखविली असे आम्ही तरी ऐकले नाही. मदत जाहीर झाली, तिच्यावर भांडणे झाली, ती कमी की जास्त ह्यावर भाषणे झाली. दुखवटा तेवढा झाला नाही.

मराठवाड्याला सरकारी शोक अगदीच ठाऊक नाही असे मात्र नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे 8 हजार माणसे झोपेत दगडमातीखाली गेली. किल्लारीस स्मृतिस्तंभ उभा राहिला, आणि त्या तारखेला लोक व अधिकारी तेथे जमत आले आहेत. ते योग्यच आहे. पण किल्लारीची माणसे एका रात्री, एका मुलखात मेली म्हणून सरकारला ती दिसली. आमची माणसे एकेकटी मरतात. आज जिंतुरात एक, चार दिवसांनी पालमला एक, पुढच्या आठवड्यात सेलूकडे बांधावर दोघी जावा. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्रात भजी बांधली जातात.

आता एकेकट्याची बेरीज करून पाहा. सरकारचेच गुन्हे-नोंदीचे खाते दरवर्षी अपघाती मृत्यूंचा हिशेब छापते. 2022 साली निसर्गाच्या कोपाने देशात 8,060 माणसे मेली, आणि त्यांपैकी 2,887 एकट्या विजेने मेली असे त्यात आहे. म्हणजे दिवसाला सरासरी आठ माणसे, आणि त्यांत मोठा भरणा रानात राबणाऱ्यांचा. हाच वेग धरला तर दर तीन वर्षांनी किल्लारीएवढी माणसे नुसत्या विजेने जातात. एखादे चक्रीवादळ एका दिवसात 2,887 माणसे घेऊन गेले असते तर दिल्लीपासून गल्लीपर्यंत हाहाकार उडाला असता. तीच माणसे वर्षभर थोडी थोडी गेली, म्हणून हाहाकार नाही. सावकाराच्या व्याजासारखे हे आहे. एकदम मागितले असते तर कुणबी दचकला असता. रोज थोडे थोडे जाते म्हणून कळतच नाही.

ह्यावर शहाणी माणसे लगेच विचारतील, की तुम्ही म्हणता तसे केले तर निशाण वर्षभर अर्ध्यावरच ठेवावे लागेल. हा आक्षेप थट्टेने घेतला जातो, पण आम्ही तो थट्टेवारी नेत नाही. रोज आठ माणसे जात असतील तर निशाण खरोखरच रोज अर्ध्यावर राहील, आणि रोज अर्ध्यावर राहिलेल्या निशाणाकडे कोणी पाहणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. सबब प्रत्येक मेलेल्यामागे निशाण उतरवा असे आमचे मागणे नाही. आमचे मागणे काय आहे ते पुढे सांगतो. आधी दुसऱ्या मुलखांत वादळाच्या मेलेल्यांचा दुखवटा कसा झाला ते पाहू, कारण त्यात खरे कोणते आणि सोंग कोणते हे तेथे लख्ख दिसते.

मे 2008 मध्ये ब्रह्मदेशात नर्गिस नावाचे चक्रीवादळ आले. इरावती नदीच्या मुखाशी भातशेती करणारी कुळेच्या कुळे पाण्याने ओढून नेली. मेलेले व बेपत्ता मिळून 1,38,000 च्या आसपास आकडा गेला. तेथे लष्करी सरदारांचे राज्य होते. बाहेरून मदत घेऊन आलेली जहाजे त्यांनी ताटकळत ठेवली, परदेशी डॉक्टरांना परवाने दिले नाहीत, आणि वादळानंतर आठच दिवसांत, 10 मे रोजी, देशाच्या बहुतेक भागांत आपल्या नव्या घटनेवर मतदान उरकून घेतले. मग 20 मेपासून तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला. निशाणे अर्ध्यावर आली. ज्यांना आठवड्यापूर्वी पाणी आणि भात मिळता तर जगली असती अशी माणसे तोवर चिखलात कुजून गेली होती. ह्याला आम्ही सोंग म्हणतो.

स्पेन देशातली गोष्ट ह्याहून शिकण्यासारखी आहे. व्हॅलेन्सिया हा तिकडचा संत्र्यांचा मुलूख. 29 ऑक्टोबर 2024 रोजी तेथे वर्षाचा पाऊस काही तासांत पडला आणि 220 हून अधिक माणसे मेली. सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. पण लोकांना ठाऊक होते, की मोबाइलवर धोक्याचा इशारा रात्री आठ वाजून गेल्यावर आला, आणि तोपर्यंत पाणी लोकांच्या दारात, मोटारीत, तळघरात शिरले होते. 3 नोव्हेंबरला देशाचे राजे व पंतप्रधान पायपोर्ता गावी समाचारास गेले तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर चिखल फेकला. वर्षाने, 29 ऑक्टोबर 2025 रोजी, सरकारी शोकसभा भरली. तीत मेलेल्यांच्या घरची माणसे स्वतः उभी राहून बोलली, आणि प्रांताचे मुख्याधिकारी मासोन ह्यांना त्यांनी तोंडावर दोष दिला. पुढच्या पाच-सहा दिवसांत त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. राजावर चिखल फेकावा असे आम्ही सांगत नाही. पण ज्या शोकसभेत मेलेल्याच्या आईला बोलावयास जागा आहे, ती शोकसभा मंत्र्याच्या भाषणाच्या दहापट मोलाची, हे कोणीही कबूल करील.

आफ्रिकेत मलावी म्हणून आमच्यासारखाच मक्याभाकरीवर जगणारा गरीब देश आहे. मार्च 2023 मध्ये फ्रेडी वादळाने तेथे मेलेले व बेपत्ता मिळून हजाराच्या वर माणसे गेली, तेव्हा त्यांच्या अध्यक्षांनी चौदा दिवस दुखवटा पाळावयास लावला. आपल्या देशातच, 30 जुलै 2024 रोजी केरळात वायनाडचा डोंगर पावसाने खचून चहामळ्यांच्या मजुरांच्या वस्त्या गाडल्या गेल्या, तेव्हा केरळ सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. म्हणजे मनात आणले तर राज्य सरकारला हे करता येते. कायदा आड येतो ही सबब चालावयाची नाही.

खरा दुखवटा कसा असतो ह्याचा दाखला आमच्या जुन्या राज्यातच आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबाद शहरात मुसी नदीला पूर आला. बंगालच्या उपसागराकडून आलेल्या वादळी पावसाने नदी फुगली, वरचे तलाव फुटले, आणि एका दिवसात हजारो माणसे गेली; 15,000 गेली असे सांगतात. अफजलगंजच्या बागेत एक चिंचेचे झाड होते. त्याच्यावर चढून दीडशे माणसे वाचली. परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्याच राज्यात होता. निजामाचे गोडवे आम्ही गाणार नाही; त्या राज्यात परभणीच्या रयतेने काय भोगले, आणि 17 सप्टेंबर 1948 ला ती कशातून सुटली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण त्या पुरानंतर विश्वेश्वरय्या ह्यांना बोलावून नदीचा बंदोबस्त विचारला गेला, आणि 1920 मध्ये उस्मानसागर व 1927 मध्ये हिमायतसागर ही धरणे बांधून पुरी झाली, हे खरे आहे. रडून झाल्यावर धरण बांधले. ते चिंचेचे झाडही पुढे राहिले, आणि हैदराबादची काही नागरिक मंडळी 28 सप्टेंबरला त्याच्याखाली जमून मेलेल्यांची आठवण करीत आली आहेत.

दुसरा दाखला ओडिशाचा. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे 10 हजारांच्या आसपास माणसे मेली. त्या राज्याने ती तारीख विसरू दिली नाही. दरवर्षी 29 ऑक्टोबर हा आपत्तीसाठी तयारीचा दिवस म्हणून तेथे पाळतात. नुसती फुले वाहून थांबत नाहीत. निवारे बांधले, गावोगाव तरुण पोरे तयार केली, भोंगे लावले. 2013 साली फायलिन वादळ त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा सुमारे 10 लाख लोक आधीच हलविले होते, आणि मेलेल्यांचा आकडा शंभरावरही गेला नाही. समुद्र तोच होता, वारा तसलाच होता. मग 1999 सालच्या मेलेल्यांना देवाने नेले असे आता कोणत्या तोंडाने म्हणावे?

हा देवाचा प्रश्न आम्ही मुद्दाम काढला, कारण आमच्या गावांत विजेच्या मेलेल्याविषयी पहिला शब्द हाच निघतो. देवाची करणी. त्याहून वाईट म्हणजे, पोरगा पायाळू होता म्हणून त्याच्यावर वीज पडली, असे म्हातारी माणसे अजून सांगतात. बाळंतपणात पाय आधी आले म्हणून वीज त्या माणसाला हुडकीत येते, ह्यात काडीचे तथ्य नाही. वीज उंच वस्तू पाहते. उघड्या रानात उभा माणूस आणि एकटे झाड ह्याच तिथल्या उंच वस्तू. पायाळूच्या गप्पा मारणारा मनुष्य नकळत सरकारचे काम हलके करतो, कारण दोष मेलेल्याच्या जन्मावरच गेला म्हणजे इशारा का आला नाही, शाळेच्या गच्चीवर वीजरोधक का नाही, हे विचारणारे कोणी उरत नाही. पुण्याच्या हवामान संस्थेने दामिनी नावाचे मोबाइलचे साधन काढले आहे, ते जवळपास वीज पडण्याचा धोका अर्ध्या तासाच्या सुमारास आधी कळविते. आखाड्यावर रेंज असली तर ते कामाचे. नसली तर गडगडाट ऐकताच झाडाखालून निघून पक्क्या घरात जावे, आणि तेवढा वेळच नसेल तर मोकळ्यात दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, दाटीवाटीने एकत्र उभे राहू नये. उघडा पत्र्याचा आखाडा म्हणजे पक्के घर नव्हे. वीज पडलेल्या माणसाला शिवले तर आपल्याला झटका बसतो ही समजूतही खोटी. त्याला लगेच हात लावावा, छाती दाबून श्वास चालू करण्याचा यत्न करावा.

आता पैशाकडे येऊ. दुखवट्याच्या लेखात पैसा कशाला, असे कोणास वाटेल. ज्याच्या घरी सुतक असते त्याला तसे वाटत नाही.

2022 साली ठरलेल्या सरकारी दरांप्रमाणे आपत्तीत माणूस गेले तर वारसाला 4 लाख रुपये, दुभती गाय-म्हैस गेली तर 37,500, बैल गेला तर 32 हजार, शेळी गेली तर 4 हजार. केंद्राच्या तेव्हाच्या 12 आपत्तींच्या यादीत गारपीट होती, पूर होता, वीज नव्हती. महाराष्ट्राने वीज आपल्या राज्याची आपत्ती म्हणून धरली आणि मदत दिली, हे चांगले केले. पण हे 4 लाख आपोआप चालत येत नाहीत. पोलीस पाटलाने कळविले पाहिजे, तलाठ्याने पंचनामा केला पाहिजे, आणि प्रेताचे शवविच्छेदन झाले पाहिजे. संध्याकाळी रानातून प्रेत आले, पाऊस चालू आहे, दवाखाना दहा कोसांवर, बायका आक्रोश करीत आहेत, आणि कोणीतरी वडीलधारा म्हणतो की फाडाफाडी नको, माती उरकून घ्या. माती उरकते. मग महिन्याने विधवा तहसिलीत जाते तेव्हा तिला विचारतात, नवरा विजेने गेला ह्याला पुरावा काय? म्हणून आम्ही हात जोडून सांगतो, की अशा वेळी प्रेताला अग्नी देण्याची घाई करू नका. एक रात्र जागा, पण पंचनामा होऊ द्या.

शेतकऱ्यांच्या अपघाताकरिता गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाची दुसरी एक योजना 2023 साली आली, तीत मृत्यूला 2 लाख आहेत आणि वीज पडणेही धरले आहे. पण ती सातबारावाल्या घरासाठी आहे. खातेदार, नाहीतर त्याच्या कुटुंबातले एक माणूस. आता एकाच निंबाखाली वावराचा मालक आणि त्याचा सालगडी असे दोघे विजेने गेले असे धरा. मालकाच्या घराला दोन दारे ठोठावता येतात, सालगड्याच्या घराला एकच. बटईने वावर करणाऱ्याचे पीक गारांनी गेले तर पिकाची मदत सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात पडते. बियाणे-खत ज्याने घातले तो बांधावर बसून पाहतो. आभाळाने भेद केला नव्हता, तो कागदाने केला. हा अन्याय आम्ही सरकारच्या पदरी घालतो. पण आपल्याही पदराकडे पाहिले पाहिजे. मदतीच्या पैशातून दहावा-तेराव्याच्या पंगती, भटजीची दक्षिणा आणि सोयऱ्यांचे मानपान उरकून विधवेच्या हाती काय उरते, ते आमच्या प्रत्येक गावाने आपापल्या मनाला विचारावे. जोतीरावांनी 1877 च्या दुष्काळात धनकवडीस छावणी उघडून दुष्काळाने होरपळलेल्या कुटुंबांच्या मुलांना जेवू घातले. त्यांचा दुखवटा असा होता.

आता आमचे मागणे. 1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. त्याच दिवशी सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी महाराष्ट्र दिनाचे निशाण चढते. वळवाच्या वादळाचे तेच दिवस, आणि पावसाळा महिन्यावर आलेला. त्या ग्रामसभेत पहिले काम म्हणून मागच्या वर्षभरात वादळ, वीज, गारा आणि पूर ह्यांनी गेलेल्या गावच्या माणसांची नावे उभे राहून वाचावीत. मग तलाठ्याने प्रत्येक नावापुढे सांगावे, की पंचनामा कोणत्या तारखेला झाला, पैसे कोणत्या तारखेला मिळाले, मिळाले नसतील तर कागद कोणाच्या टेबलावर आहे. मग गावात वीजरोधक आहे की नाही, भोंगा आहे की नाही, हे विचारावे. आणि ह्या सर्व गावांची एकत्र यादी जिल्हाधिकाऱ्यांनी परभणीस त्याच दिवशी झेंड्याच्या सभेत वाचावी. पालकमंत्र्यांचे भाषण त्यापुढे दहा मिनिटांनी लांबले तर कोणाचे काही बिघडणार नाही.

निशाण त्या दिवशी अर्ध्यावर आणता येणार नाही, कारण राज्याच्या स्थापनेच्या दिवशी ते उतरवू नये असे ध्वजसंहितेतच आहे. आमची हरकत नाही. निशाण पूर्ण काठीवर राहू द्या, मोठ्या वाऱ्यात फडकू द्या. त्याच्याखाली नावे तेवढी वाचा.

हे सरकार आपण होऊन करील अशी आम्हांस आशा कमी आहे. पण ग्रामसभा सरकारची नव्हे, गावाची आहे. विषय मांडण्यास मंत्र्याची परवानगी लागत नाही. आमच्या वाचकांनी पुढच्या 1 मेच्या आधी आठ दिवस सरपंचाला व ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्यावा, त्यावर पोच घ्यावी, आणि नावे बरोबर लिहून न्यावीत. बायकांची नावे अमक्याची बायको अशी लिहू नयेत, त्यांच्या नावाने लिहावीत. सालगड्याचे नाव मालकाच्या नावाखाली दडवू नये. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची जी माणसे ऊसतोडीला परमुलखी गेली आणि तिकडे फडात, कोपीत वादळाने किंवा विजेने गेली, त्यांचा पंचनामा तिकडे झाला असेल, पण घर इकडे आहे. त्यांची नावे कोणत्याच गावच्या यादीत येत नाहीत. ती आपल्या गावच्या यादीत सर्वांत वर घालावीत, आणि एक नक्कल आमच्याकडे पोस्टाने पाठवावी. आम्ही ती जशीच्या तशी छापू.